भरतीच्या रांगेत निष्काम कर्म

दहावीचा निकाल लागला की नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात एक सल्ला फुकट मिळतो: आयटीआय कर, फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियन घे, रेल्वेत लागशील. सल्ला हवेतला नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग नंदुरबारवरूनच जातो. गाडी चालवणारी, डबे दुरुस्त करणारी, रूळ सांभाळणारी माणसं आपल्यासारख्याच घरांतली असतात, हे पोरांना दिसतं. दोन वर्षांचा ट्रेड होतो, सर्टिफिकेट हातात येतं आणि जाहिरातीची वाट पाहणं सुरू होतं. त्या काळात दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, ‘नशिबात असलं तर मिळेल.’ शिकलेला नातेवाईक म्हणतो, ‘तू अभ्यास करत राहा, फळाचा विचार करू नको.’

दोन्ही वाक्यं धीर द्यायला म्हटलेली असतात. पण एकाच्या पोटात प्रारब्धाचा सिद्धांत आहे आणि दुसऱ्याच्या पोटात गीतेचा कर्मयोग. एवढी जड तत्त्वं सरकारी भरतीच्या कामी लावायची, तर ती तिथे खरोखर लागू पडतात का, हेही तपासायला हवं.

आधी नशीब घेऊ. २०१९ मध्ये रेल्वेने लेव्हल वनच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रुप डीच्या, १,०३,७६९ जागा काढल्या. अर्ज आले एक कोटीहून जास्त. एका जागेमागे शंभरावर उमेदवार. अर्ज भरले गेले मार्च-एप्रिल २०१९ मध्ये आणि परीक्षा सुरू झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. तीन वर्षांत घरातली गणितं बदलतात, हातातलं दुसरं काम सुटतं किंवा धरावं लागतं, वयोमर्यादा जवळ येते. परीक्षाही एका दिवसात आटोपत नाही. ती कित्येक पाळ्यांमध्ये होते, प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा, म्हणून गुण पुन्हा सूत्राने समपातळीवर आणावे लागतात. अशा परीक्षेत अर्ध्या गुणाने यादीबाहेर राहिलेल्या पोराने नशिबाला बोल लावला, तर त्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. त्याच्या हाताबाहेरचं पुष्कळ काही त्यात असतंच.

अडचण पुढे आहे. प्रारब्ध म्हणजे ज्याचं त्यानेच पूर्वी केलेल्या कर्माचं फळ, असं परंपरा सांगते. २०१८ च्या फेब्रुवारीत रेल्वेने ६२,९०७ जागांची जाहिरात काढली, तेव्हा दहावीसोबत आयटीआय हवं, अशी अट होती. देशभर ओरड झाली आणि त्याच महिन्यात अट सैल झाली: दहावी किंवा आयटीआय. दहावीवाल्यांना हायसं वाटलं; आयटीआयवाल्यांसमोर मात्र स्पर्धकांची नवी फौज उभी राहिली. यात कोणाच्या पूर्वजन्माचा काय संबंध? जागा किती, जाहिरात कधी, अट कोणती, हे कुठल्यातरी कार्यालयात टिपणी लिहून, सही होऊन ठरतं. या नशिबाला जावक क्रमांक असतो. त्याला दैव म्हणून हात जोडले की जाब विचारायचा राहून जातो.

आता दुसरं वाक्य. त्याचा धागा खानदेशातच सापडतो. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली. त्यांचंच पुढे ‘गीता प्रवचने’ झालं. नंदुरबार तेव्हा आणि पुढे १९९८ पर्यंत धुळ्याशीच जोडलेलं होतं. याच लोहमार्गावरच्या अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं होतं, आणि साने गुरुजी काही काळ तिथे अभ्यासक होते. तेव्हा कर्म आणि फळ यांची चर्चा या मुलखाला नवी नाही.

विनोबांची मांडणी फळ सोडा एवढ्यावर थांबत नाही. हाताने चालतं ते कर्म. त्याच्या जोडीला मन ओतलं जातं ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कर्माचं ओझं उरत नाही. ही गोष्ट समजायला आयटीआयची फिटर शाखा फार सोयीची आहे. पहिल्या वर्षी पोराच्या हातात माइल्ड स्टीलचा तुकडा आणि कानस येते. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासत राहायचं. तीन-चार दिवसांत खांदा भरून येतो, बोटांना फोड येतात. तुकड्याला काटकोन्या लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो: अजून उंचवटा आहे. पुन्हा घास. कानशीचा जोर पुढे जाताना द्यायचा, मागे येताना नाही. हात डुलला की कडा गोल होतात आणि जॉब वाया जातो. निदेशक ओरडतो तेव्हा पोराला हे कटकटीचं वाटतं. मग एके दिवशी फटीतून उजेड येत नाही. त्या क्षणी मार्क, नोकरी, पगार यांतलं काहीच डोक्यात नसतं. विनोबा ज्याला विकर्म म्हणतात, त्याची चव पोराला लागलेली असते, भले त्याला तो शब्द ठाऊक नसो.

आणि नेमका हाच हात भरतीत कोणी पाहत नाही. लेव्हल वनच्या परीक्षेत नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न: गणित २५, सामान्य विज्ञान २५, बुद्धिमत्ता ३०, चालू घडामोडी आणि सामान्यज्ञान २०. कानस, व्हर्नियर, काटकोन्या यांचा पत्ता नाही. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत दुसऱ्या टप्प्यावर ट्रेडचे प्रश्न असतात, पण तिथे ३५ टक्के मिळवून पास झालं की झालं. त्या गुणांवर निवड ठरत नाही. लेखी निघाली तर लेव्हल वनसाठी मैदानी चाचणी: पुरुषांनी ३५ किलो वजन खाली न ठेवता दोन मिनिटांत शंभर मीटर न्यायचं आणि हजार मीटर सव्वाचार मिनिटांत पळायचं, मुलींसाठी २० किलो आणि पाच मिनिटं चाळीस सेकंद. शेतात पोती उचललेल्या पोरापोरींना त्याचं भय वाटत नाही. त्यांची गाडी अडते ती सरळव्याजावर आणि नळ-टाकीच्या गणितांवर.

म्हणून शिकलेल्या नातेवाइकाच्या उपदेशात एक अदलाबदल झालेली असते. गीतेचा सल्ला ज्याच्यापुढे काम उभं आहे त्याला आहे. अर्जुन रणांगणावर उभा होता, रणांगणावर घेतलं जावं म्हणून फॉर्म भरून बसला नव्हता. उमेदवाराच्या हातातलं खरं कर्म म्हणजे त्याचा ट्रेड. परीक्षेची तयारी हे त्या कर्मापर्यंत पोहोचायचं दार, आणि दार उघडणं दुसऱ्याच्या हाती. अशा स्थितीत ‘फळाचा विचार करू नको’ म्हणणं म्हणजे त्याला कर्माशिवाय ठेवून वर निष्काम व्हायला सांगणं.

त्यावर कोणी म्हणेल, मग जे काम वाट्याला आलंय तेच स्वधर्म मानून करावं. वारकरी परंपरेत सावता माळ्याने मळ्यात आणि गोरा कुंभाराने चिखलात देव पाहिलाच ना? पाहिला, आणि त्याने कष्टाच्या कामाला प्रतिष्ठा आली. पण वाट्याला येणं ही गोष्ट इथे निष्पाप नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे रेल्वेतलीच वस्तुस्थिती मांडली: अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि तिथेच राहतो, त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातही काम करावं लागतं आणि सवर्ण मास्तरला तो घरात चालत नाही. लोखंडी रुळांवरही स्वधर्म जन्मानेच ठरत होता. दोनच वर्षांपूर्वी, जातिनिर्मूलनावरच्या निबंधात, त्यांनी जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, असा युक्तिवाद केला होता. तो मनमाडच्या त्या उदाहरणात बिनचूक बसतो.

या पार्श्वभूमीवर आयटीआयचं महत्त्व वेगळं दिसतं. १९५० पासून चालत आलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत फिटर, टर्नर, वेल्डर होण्यासाठी बाप काय करतो हे विचारत नाहीत. भिल, गावित, पावरा घरातलं पोर आणि गुजर घरातलं पोर एकाच व्हाइसवर आळीपाळीने उभी राहतात. इथे स्वधर्म वारशाने न येता शिकून येतो. जन्माने नेमलेल्या कामापासून सुटण्याची वाट हवी असणं, त्यासाठी धडपडणं, याला फळाची आसक्ती म्हणून खाली पाहणं अन्यायाचं आहे. परंपरेनेही अर्थ हा पुरुषार्थच मानला.

तो अर्थ नंदुरबारात फार ठोस आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी, आणि त्यांतली कित्येक कुटुंबं पावसाळा सरला की ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलांची शाळा सुटते, म्हातारी माणसं गावी मागे राहतात. अशा घरात १८ हजारांचं मूळ वेतन, वर भत्ते आणि दरमहा ठरल्या तारखेला येणारा पगार म्हणजे चैन कशी म्हणणार? त्याचा अर्थ, यंदा घराला कुलूप लागणार नाही. पैशापलीकडेही एक गोष्ट असते. १९३० च्या दशकात तळोदे तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये मोठी धार्मिक चळवळ उभी केली. दारू सोडा, रोज अंघोळ करा, आरतीला जमा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं ते सांगत. हजारो माणसं त्या आरत्यांना येत. मान मिळण्याची भूक तेव्हा धर्माच्या वाटेने बाहेर पडली. आज तिच्यातला काही भाग नोकरीच्या वाटेने बाहेर पडतो. रेल्वेतल्या माणसाला कचेरीत खुर्ची मिळते आणि त्याच्यासाठी स्थळं चालून येतात.

नोकरी लागल्यावर कर्मयोगाचा प्रश्न मिटतो का? उलट तिथेच तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. सरकारी नोकरी म्हणजे बसून पगार, हा समज ट्रॅक मेंटेनरच्या कामापाशी टिकत नाही. कीमन रोज आपल्या हद्दीतला मार्ग पायी तपासतो. सैल क्लिपा हातोड्याने बसवतो, दोन रुळांमधलं १६७६ मिलिमीटरचं अंतर बिघडल्याची लक्षणं शोधतो. उन्हाळ्यात रूळ फुगून वाकायची भीती, थंडीत तडकायची, पावसात रात्रीची गस्त. वरून जाणाऱ्या प्रवाशाला त्याचं नावही ठाऊक नसतं. त्या माणसाला निष्कामतेबद्दल काही सांगायचं असेल तर ते ऐकण्यासारखं असेल.

नोकरीच्या दाराबाहेर थांबलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. २० मार्च २०१८ ला सकाळी मुंबईत माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रेल्वेतच अप्रेंटिस झालेली पोरं रुळांवर बसली आणि गर्दीच्या वेळी लोकल थांबल्या. भरतीत अप्रेंटिसांसाठी ठेवलेला वीस टक्क्यांचा कोटा त्यांना अपुरा वाटत होता. लाखो चाकरमान्यांचे हाल झाले आणि संतापही झाला. पण त्या पोरांनी रेल्वेचंच काम रेल्वेच्याच कारखान्यात शिकून, करून दाखवलेलं होतं. कर्म झालं होतं. फळ कोणाचं, एवढाच वाद होता. त्यांना शांतपणे वाट पाहायला सांगणाऱ्याने आधी स्वतःचा एक महिन्याचा पगार निष्काम भावनेने सोडून पाहावा, असं म्हणण्याचा मोह होतो. अनासक्ती ही स्वतःकडून मागण्याची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या रिकाम्या हातांकडून ती मागितली की तिचा अर्थ फक्त ‘गप्प बस’ एवढाच उरतो.

मग धानोऱ्यातल्या फिटर झालेल्या पोराने करावं काय? रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीला लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, वर्षभर विद्यावेतन मिळतं आणि हाताची सवय मोडत नाही. पुढे लेव्हल वनमध्ये त्या वीस टक्के जागांसाठी हक्क सांगता येतो, जरी ती हमी नसली तरी. दुसरीकडे जाहिरातीही येत राहतात: जानेवारी २०२५ ची ३२,४३८ जागांची होती, वयोमर्यादा ३६, आणि अनुसूचित जमातींना पाच वर्षांची सवलत धरून ४१. म्हणजे आयटीआयमधून विसाव्या वर्षी बाहेर पडलेला आदिवासी मुलगा, तीच मर्यादा कायम राहिली तर, वीसेक वर्षं फॉर्म भरत राहू शकतो. त्यातली किती वर्षं कानस हातात ठेवून घालवायची आणि किती नुसत्या गाइडांवर, हा हिशेब त्याच्या घरात बहिणीचं लग्न, विहिरीचं कर्ज आणि यंदा ऊसतोडीला जायचं की नाही यांच्याबरोबरच मांडला जातो.