तीन प्रहर माग, चौथा प्रहर मठ



बँकेत असताना मी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह पुष्कळ केले. खोटे कशाला सांगू, त्यातले निम्मे बढतीसाठी होते. घाईच्या वाचनात तंतुकाची कथा केव्हा येई आणि केव्हा जाई, कळतसुद्धा नसे. वास्तविक ती आमच्याच घरची कथा. आम्ही सोलापूरचे पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. वडील हातमागावर, आई कांड्या भरायला. मी बी.कॉम. होऊन कॅशच्या खिडकीमागे बसलो, तेव्हा सुटलो बुवा मागातून, असेच मला वाटले होते.

कथा आपणांस ठाऊक आहेच. गाणगापुरातला एक विणकर. तीन प्रहर आपला धंदा करायचा आणि संध्याकाळी येऊन मठाचे अंगण झाडायचे. शिवरात्रीला आईवडील, गणगोत श्रीशैल्याला निघाले. हा म्हणाला, माझा मल्लिकार्जुन इथेच आहे. लोकांनी वेड्यात काढले. ऐन शिवरात्रीला श्रीगुरूंनी त्याला पादुका घट्ट धरून डोळे मिटायला सांगितले आणि क्षणात श्रीशैल्याला नेले. तिथे आईवडील भेटले. देवळात बघतो तर लिंगाच्या जागी आपले गुरूच बसलेले! परत आला तर गाव विचारते, क्षौर कशाला केलेस? प्रसाद दाखवला तरी पटेना. यात्रेकरू परतले तेव्हा कुठे खात्री पटली.

आम्ही तेलुगू मुलखातून आलेली माणसे. श्रीशैल्याची ओढ काय असते, ते आम्हाला विचारा. सगळे घर निघाले असताना मागे राहणे सोपे नव्हे. तो पद्मशाली होता, देवांग कोष्टी होता की आणखी कोणी, या वादात मी पडत नाही. पोथी त्याला धंद्याने ओळखते, तेवढे पुरे.

आमच्यात सांगतात, मार्कंडेय ऋषींचे पुत्र भावनाऋषी यांनी विष्णूच्या नाभिकमळातल्या तंतूंचे वस्त्र देवांसाठी विणले. पद्माचा तंतू, म्हणून आम्ही पद्मशाली. नारळी पौर्णिमेला आम्ही जानवे बदलतो आणि त्याच दिवशी सोलापुरात मार्कंडेयांचा रथ निघतो. मला लहानपणी रथ आवडायचा, माग नाही. खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायाने पावडी दाबायची, हाताने धोटा चालवायचा. ताण्याचा एक धागा तुटला की सगळे थांबवून तो सांधायचा. वडिलांनी मारलेली गाठ कापडावर हात फिरवला तरी बोटाला लागत नसे.

गाणगापूर आम्हाला जवळ. तरी वडील फारसे गेले नाहीत. संध्याकाळी माग थांबला की खड्ड्याभोवतीचा तूस स्वतः झाडायचे, मग दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा. पौर्णिमेची वारी करायचो मी. एका पौर्णिमेला त्यांना ताप होता. "नायना, अंगारा घेऊन येतो," म्हणालो. ते म्हणाले, "आण रे. पण दोन धागे तुटलेत, तेवढे सांधून जा." गाडी चुकेल म्हणून मी तसाच निघालो. दुसऱ्या दिवशी परतलो, तर तापातच मागावर बसून धागे सांधत होते. अंगारा लावून घेतला. बोलले काहीच नाहीत.

ते गेल्यावर, मीही निवृत्त झाल्यावर, पोथी सावकाश वाचू लागलो आणि त्या तीन प्रहरांपाशी अडलो. हिशेबाचा माणूस मी. एवढी वर्षे चौथा प्रहरच जमेला धरत होतो. श्रीगुरूंनी त्या विणकराला माग सोड म्हटलेले नाही. दिवसभर धागा सांधणारा हात संध्याकाळी झाडू धरतो, तो त्यांनी जवळ केला. माझा हात पौर्णिमेला पादुकांवर होता आणि घरी दोन धागे तुटलेले होते.

माग आता नाही, जागा नव्हती म्हणून दिला. धोटा देव्हाऱ्यात आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता मी आपल्या मंदिराचे अंगण झाडतो. गुडघे कुरकुरतात. पुजारीबुवा म्हणतात, काका, पोरे झाडतील. मी ऐकत नाही. दत्तजयंतीला गर्दी होणार, ज्यांचे घरचे काम उरकले असेल त्यांनी आदल्या संध्याकाळी यावे. मंदिरात झाडू चारच आहेत, येताना घरचा आणावा.