शेवटचा हात

मिक्सिंग उत्तम साधलेल्या ध्वनिमुद्रणाला मास्टरिंगची गरज उरते काय, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा आहे. परंतु धार-देवासच्या मराठी घरांना तो परका वाटू नये. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी येथेच निवर्तले. नव्या पिढीला ते भेटतात केवळ ध्वनिमुद्रणांतून. त्यांवर शेवटचा हात कोणी, कसा फिरवावा, हा म्हणूनच आम्हांस नीतीचा प्रश्न वाटतो.

मिक्सिंगमध्ये गळा, तबला, पेटी, तंबोरे यांचे परस्परप्रमाण ठरते. मास्टरिंग त्यानंतरचे. सिद्ध झालेले मुद्रण दुसऱ्या कानांनी ऐकावयाचे, रचनांची पातळी जुळवावयाची, मधले विराम ठरवावयाचे आणि सारे माध्यमाला मानवेल असे करावयाचे. एलपीच्या काळी खर्ज फार झाला की खाच रुंदावे, सुई उडे. तेव्हा ही पायरी अपरिहार्यच होती. सीडी आणि इंटरनेट आल्यावर ती सक्ती संपली, म्हणून शंका उपस्थित झाली.

आमच्या मते गरज संपलेली नाही. मिक्सिंग करणारा त्या एकाच रचनेत बुडालेला असतो. आपल्या खोलीचा दोष त्याला ऐकू येत नाही. खोलीत खर्ज घुमत असेल तर तो खर्ज कमी ठेवतो आणि अन्यत्र तेच गाणे पोकळ वाजते. लेखकाला स्वतःचे मुद्रितशोधन साधत नाही, तसेच हे. दुसऱ्या जाणकाराने ऐकून ‘काही बदलू नये’ असा निर्णय दिला, तरी ते मास्टरिंगच होय.

मात्र या अधिकाराला मर्यादा हवी. आजारातून उठल्यावर कुमारजींनी जी गायकी घडविली, तीत लहान स्वरवाक्ये, अकस्मात उसळणारा स्वर आणि लगेच येणारी हळुवारता यांनाच अर्थ आहे. कॉम्प्रेशनने हे चढउतार सपाट केले तर तंबोरे पुढे सरकतात, कुजबुज आणि हाक एकाच मापाची होते. फितीची खरखर निष्काळजीपणे पुसताना श्वासही पुसला जातो. तो श्वास किती कष्टाने मिळविलेला होता, हे देवासला सांगावयास नको. शिवाय संमती द्यावयास गायक हयात नाही. आवाज मोठा करण्याचा मोहही आता व्यर्थ आहे, कारण संगीत ऐकविणाऱ्या प्रमुख सेवा पातळी स्वतःच समान करतात.

तेव्हा मूळ फीत अबाधित ठेवावी, यंत्राचा दोष काढावा, माणसाच्या खुणा राहू द्याव्यात. मास्टरिंग हवे ते साक्षेपी श्रोत्याचे. गायकावर कुरघोडी करणाऱ्याचे नव्हे.