उमेदवारीतले ज्ञान

कारखान्यात कमावलेले ज्ञान विद्यापीठाने आपले मानावे का, हा जुना तात्त्विक वाद सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली प्रत्यक्ष व्यवहारात उतरला. तिथले प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि शहरातल्या कारखान्यांत पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावलेल्या असत. एक वर्गात असताना दुसरा यंत्रापाशी. त्यामुळे मालकाचे काम अडत नसे, विद्यार्थ्याला मजुरी मिळे आणि महागडी यंत्रे विकत घेण्याच्या खर्चातून विद्यापीठ सुटे. सोय सगळ्यांचीच होती. पण निव्वळ सोयीवर असे नाते फार काळ टिकत नाही.

ते का टिकले, याचा उलगडा तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांच्या युक्तिवादातून होतो. ‘अमुक तसे आहे’ हे जाणणे वेगळे आणि ‘अमुक कसे करावे’ हे जाणणे वेगळे, असे ते म्हणतात. प्रत्येक शहाणी कृती आधी नियम आठवूनच होत असेल, तर नियम नीट आठवणे हीसुद्धा एक कृतीच. तिच्यासाठी आणखी एक नियम लागेल आणि ही साखळी कधी संपणारच नाही. म्हणून कौशल्य हे सिद्धान्ताचे धाकटे भावंड नव्हे. मायकेल पोलान्यी यांनी त्यात भर घातली, की अशा ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत मांडताच येत नाही. जे मांडता येत नाही ते करारपत्रातून किंवा अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतून इकडून तिकडे जात नाही. ते माणसाबरोबरच जाते. म्हणून विद्यापीठ आणि उद्योग यांच्यातला खरा दुवा विद्यार्थीच ठरतो. कारखान्यातली अडलेली गोष्ट तो वर्गात आणतो आणि वर्गातली शंका कारखान्यात नेतो.

मात्र दुवा होणारा माणूस साधनही होऊ शकतो. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, या कांटच्या तत्त्वात ‘केवळ’ हा शब्द मोलाचा आहे. मजुरीच्या बदल्यात काम करून घेण्यात गैर काही नाही. शिकवण्याच्या नावाखाली नुसते राबवून घेणे गैर. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हाच धोका नोंदवला होता: हस्तोद्योगातून शाळेचा खर्च भागवण्याच्या नादात मुलांच्या श्रमाकडेच लक्ष लागेल. भारताचा १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा तर उमेदवाराला कामगार मानतच नाही, प्रशिक्षणार्थी मानतो आणि कामगार कायद्यांचे बरेचसे संरक्षण त्याला नाकारतो. शिक्षण खरोखर होत असेल तरच हे नाकारणे समर्थनीय ठरते, एरवी ती पळवाट आहे.

शिक्षण खरोखर होते आहे की नाही, हे पाहायला शिक्षक तिथे असावा लागतो. पिलानीच्या बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेने १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रॅक्टिस स्कूल’मध्ये प्राध्यापकही उद्योगाच्या ठिकाणी जातात आणि विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतात. जिथे शिक्षक फिरकत नाही आणि कंपनीच्या प्रमाणपत्रावर गुण दिले जातात, तिथे भागीदारी नसते, मनुष्यबळाचा पुरवठा असतो.