गोळी कुणाला लागली?

बंगळुरूत राहताना दोन तारखा माझ्या मनात शेजारी शेजारी येतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी राजराजेश्वरीनगरात गौरी लंकेश यांना घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. आठवड्याभरात हजारो लोक ‘मी गौरी’ म्हणत रस्त्यावर आले. ११ ऑगस्ट २०२०च्या रात्री डी. जे. हळ्ळी, के. जी. हळ्ळी भागात पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. त्यांची नावे सांगू शकेल असा माणूस माझ्या ओळखीत नाही.

गौरींसाठीचा शोक जास्त झाला, असे मी म्हणत नाही. दोन्ही घटना सारख्याही नाहीत. एक कट रचून केलेला खून. दुसऱ्या घटनेत जमावाने आमदाराचे घर पेटवले होते, पोलीस ठाण्यावर हल्ला केला होता, पोलीस जखमी झाले होते. दुःख वेगळे असणे मी समजू शकतो. मला खटकते ती प्रश्न मिटवण्याची घाई. ‘दंगलखोरच असतील’ म्हटले की आपण मोकळे. मेलेला माणूस जाळपोळ करत होता की नुसता उभा होता, हे पुराव्याने ठरायला हवे. आपण ते वस्तीच्या नावावरून ठरवतो.

घाटकोपरचे रमाबाई आंबेडकरनगर आठवा. ११ जुलै १९९७ रोजी आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर तिथे राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण मेले. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असे कारण पुढे आले. गुंडेवार आयोगाला गोळीबार समर्थनीय वाटला नाही, आणि २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षकाला दोषी ठरवले. पहिल्या दिवशीचे कारण शेवटचे नसते, एवढे तरी यातून कळावे.

हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या गोळ्या खाल्लेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो, त्यांच्या नावाने चौक आहे. गोळ्या झाडणाऱ्या सरकारच्या लेखी मात्र तोही कायदा-सुव्यवस्थेचाच प्रश्न होता.

म्हणून प्रत्येक मेलेल्याला हुतात्मा म्हणावे, असे नाही. काही जण खरोखर गुन्हेगार असतीलही. पण गोळीचा हिशेब मागायला मेलेला माणूस निर्दोष असावा लागत नाही. गोळी आपल्या नावाने सुटली, एवढे पुरते. २०२०च्या गोळीबारानंतर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी जाहीर झाली होती. तिच्यातून काय निघाले, हे त्या वस्त्यांबाहेरच्या किती जणांनी विचारले?