गल्ल्यावरचं माणूस

साताऱ्याजवळच्या लिंब-गोव्यात भास्कर गणेश चितळे यांचा दुधाचा धंदा होता. गोठ्यातली जनावरं दगावली, बस्तान उठलं. 1939 साली, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, त्यांनी सांगलीकडच्या भिलवडीत नव्यानं डेअरी मांडली. शेजारी कृष्णा, आणि गावाला रेल्वे स्टेशन. दूध कुणासाठी थांबत नाही, म्हणून गाडी हवीच.

घरचा धंदा म्हटलं की आपल्याला आधी बिनपगारी हात दिसतात. सासू पापड लाटतेय, सून गल्ल्यावर, पोरगं शाळा सुटली की सायकलवरून माल पोचवायला. मंदीत पगार वाचतो, हे खरंच. पण तेवढ्यानं धंदा फार तर तग धरतो. चितळ्यांच्या घरातली माणसं नुसती गोठ्यात राबली नाहीत. दूध जिथं विकायचं त्या पुण्यात मुलगा रघुनाथराव जाऊन उभे राहिले आणि 1950 साली ‘चितळे बंधू मिठाईवाले’ सुरू झालं. पगारी माणूस गिऱ्हाइकाची तक्रार मालकाला सांगताना जरा गोड करून सांगतो. घरचा माणूस ती रात्री जेवताना जशीच्या तशी ताटात वाढतो. या दुकानाचं नाव पुढं ज्या बाकरवडीनं गावोगावी नेलं, तिच्यात तर दुधाचा थेंबही नाही! आधी ती हातानं वळत. मागणी वाढली तशी यंत्रं आली.

त्याच लोहमार्गावर किर्लोस्करवाडी आहे. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडलच्या माळावर नांगराच्या कारखान्याला जागा दिली, ते साल 1910. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी म्हणत. तो नांगर खपवायचा, तर त्यांच्या बांधावर जाऊन त्यांचं ऐकून घेणं आलंच.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर सांगलीच्या पेठांत दुकानदारांची अख्खी घरं गाळ उपसायला उतरली. गाळ काढायला सगळे लागतात. पुढं माल कोणता भरायचा, हे ठरवताना मात्र सुनेला कुणी विचारत नाही. आणि कोणतं गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हातानं परत गेलं, हे दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या तिलाच ठाऊक असतं.