बांध आणि मत

शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला गावात कोणी भला म्हणत नाही. अनुवादाच्या 19व्या अध्यायातही शेजाऱ्याची हद्द सरकवण्यास मनाई आहे. पण शेताऐवजी मतदारसंघाची हद्द कोणी आपल्या सोयीने आखली, तर ती चोरी होय काय? आणि होत असेल, तर चोर कोणाला म्हणावे?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे फळ्यावर करून पाहावे. वर्गात 15 मुले आहेत. 9 जणांना सहल नदीकाठी हवी, 6 जणांना डोंगरावर. पाचपाचांचे तीन गट करा आणि ज्या बाजूला दोन गट मिळतील तिचे खरे धरा. डोंगरवाले पहिल्या दोन गटांत तीन-तीन बसवले आणि तिसऱ्यात एकही नाही, की सहल डोंगरावर गेली! कोणी खोटे मत दिले नाही, मोजणीही चोख झाली. तरी नऊ जण हरले.

1812 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हेच घडले. तेथील सिनेटचे मतदारसंघ सत्ताधारी पक्षाने असे आखले की, एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ नकाशावर वेड्यावाकड्या सरड्यासारखा दिसू लागला. बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख व नखे काढून राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांच्या नावावरून ‘गेरीमँडर’ म्हटले. त्या निवडणुकीत विरोधी फेडरॅलिस्ट पक्षाला 51,766 मते व 11 जागा मिळाल्या. गेरींच्या पक्षाला 50,164 मते व 29 जागा!

गेरी काही गुंड नव्हते. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, हे एक कारण देऊन 1787 साली त्यांनी संघराज्याच्या घटनेवर सही करण्याचे नाकारले होते. हा कायदा त्यांना मनातून आवडला नव्हता असे म्हणतात. तरी सही केली. आम्हांला त्या सरड्यापेक्षा ही सहीच अधिक विचारात पाडते. नकाशा आखणारे म्हणणार, मंजूर राज्यपालांनी केला. राज्यपाल म्हणणार, आखला दुसऱ्यांनी. मोजणाऱ्यांचे हात तर स्वच्छच. 2019 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, पाच विरुद्ध चार मतांनी, पक्षहितासाठी आखलेल्या सीमांचा निवाडा करणे संघीय न्यायालयांचे काम नाही असे ठरवले.

आपल्याकडे 2008 साली लागू झालेल्या सीमा निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आखल्या. संसद वा विधानसभा त्यांत फेरफार करू शकत नाही, ही समाधानाची गोष्ट. पण हात निःपक्षपाती असला तरी एक पेच उरतोच, आणि जेथे आपली भाषा थोड्यांची आहे तेथील वाचकांना तो समजावून सांगायला नको. थोड्यांना एका मतदारसंघात एकवटावे, तर त्यांचा एक माणूस सभागृहात जाईल. मात्र शेजारच्या मतदारसंघांतील उमेदवारांना त्यांची गरजच उरणार नाही. पांगवावे, तर प्रत्येक उमेदवार त्यांच्या दारी येईल. पण सभागृहात त्यांच्या वतीने उभा राहणारा कदाचित एकही नसेल. आम्ही एकवटण्याकडे झुकतो, कारण दारी येणारा बहुधा पाच वर्षांतून एकदाच येतो.