फळाचे कर्म

श्रीगोंद्याकडे प्रवचनात कर्म आणि भोग यांची फारकत कधी कधी झाडावरून समजावतात: पान राबते, फळ भोगते. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले. घरची लिंबाची बागही सांभाळतो. वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे, साई शरबती. मला हा दृष्टांत पटत नाही. हिरवे लिंबू स्वतःही राबते.

पानात असते तेच हरितद्रव्य त्याच्या सालीत असते. पानावर रंध्रे दाटीने असतात, त्यांतून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. लिंबाच्या सालीवर रंध्रे फार थोडी, शिवाय वर मेणाचा थर. बाहेरची हवा आत जाते ती जेमतेम. मग साल कशावर काम करते? आतला गर आणि बिया श्वसनातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, मुख्यतः त्याच्यावर. एरवी उडून गेला असता तो कार्बन ऊन पडले की पुन्हा साखरेत बांधला जातो. हस्त बहाराचे फळ महिनोन्महिने हिरवे असते; तेवढा काळ हे चालते.

यातून फळाचे पोट भरत नाही. बहुतेक साखर पानांकडूनच येते आणि फळाचा खर्च त्याच्या कमाईहून मोठाच राहतो. मला प्रश्न इथेच पडतो. ऋण फिटणारच नसेल, तर थोडे फेडण्याला अर्थ काय?

घेतलेले परत न करता भोगणाऱ्याला गीतेचा तिसरा अध्याय चोर म्हणतो. त्यावरचे निरूपण ज्ञानेश्वरांनी आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात आहे. माउली तिथे यज्ञाचा अर्थ स्वधर्माचे आचरण असा लावतात. परतफेडीचे माप मला त्यात सापडत नाही. लिंबाला धर्म कळतो असे मी म्हणणार नाही. पण कर्ता आणि भोक्ता एकाच सालीत नांदतात हे पाहिल्यापासून फलत्याग मी वेगळा समजतो. फळही कर्मातच मोडते. सोडायची ती त्यावरची मालकी.

पुढे साल पिवळी पडते. हरितद्रव्य विरते, काम थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. व्याख्या काटेकोर लावली तर पिवळे लिंबू चोर ठरते. तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण तोवर आतले बी रुजण्याजोगे झालेले असते.